कोराडी ते कामठी : शाळांच्या वाटेने

नागपूरच्या उत्तरेला मानकापूर मागे पडलं की कोराडी रस्ता मोकळा होतो आणि थोड्याच वेळात समोर वीज केंद्राच्या चिमण्या दिसू लागतात. हाच रस्ता पुढे सावनेरवरून मध्य प्रदेशाकडे जातो. बाहेरगावचा माणूस कोराडीत उतरतो तो बहुधा महालक्ष्मी जगदंबेच्या दर्शनाला, नाहीतर वीज केंद्रात काही काम असलं तर. माझं काम वेगळं होतं. या पट्ट्यातली साधी मराठी हायस्कुलं मला बघायची होती. ती इथे कशी आली, त्यांत पोरं काय शिकतात, मधल्या सुट्टीत काय खातात, कोणत्या खेळासाठी भांडतात, हे सगळं. किल्ल्यांवर आणि लेण्यांवर आपण पुष्कळ लिहिलं. एखाद्या गावाच्या तीन पिढ्या जिच्या बाकांवर बसल्या त्या शाळेवर प्रवासवर्णनात सहसा चार ओळीही सापडत नाहीत, आणि याची मला फार दिवसांची रुखरुख होती.

जुलैचा पहिला आठवडा होता. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. विदर्भातल्या शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीला उघडतात, कारण जूनच्या मध्यापर्यंत इथलं ऊन पोरांना वर्गात बसू देत नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. मार्चपासूनच शाळा सकाळची होते आणि उन्हाचा तडाखा सुरू व्हायच्या आत पोरं घरी परततात. पुण्या-मुंबईची मुलं पहिली घटक चाचणी देण्याच्या तयारीला लागतात तेव्हा इथे अजून पुस्तकांना कव्हरं घालणं चाललेलं असतं. वर्षाचा अभ्यासक्रम मात्र सगळ्यांना सारखाच आणि बोर्डाची तारीखही एकच. कमी पडलेले दिवस भरून काढण्याची कसरत विदर्भातला शिक्षक दरवर्षी करतो आणि त्याची नोंद कुठल्याही निकालपत्रकात होत नाही.

कोराडी हे कामठी तालुक्यातलं गाव, नागपूरपासून पंधराएक किलोमीटरवर. लागूनच महादुला, ज्याला आता नगर पंचायत आहे. दोन्ही गावांची हद्द नवख्याला कळत नाही. गावाचं जुनं नाव जाखापूर होतं, असं मंदिराच्या आख्यायिकेत सांगतात: झोलन राजाला सात मुलगे, मुलगी नाही, म्हणून त्यानं यज्ञ केला आणि जाखूमाई प्रकटली. भाविकांची श्रद्धा अशी की देवी सकाळी बालिका, दुपारी तरुणी आणि संध्याकाळी प्रौढा दिसते. नवरात्रात हा रस्ता माणसांनी भरून वाहतो. मंदिराच्या परिसरात भारतीय विद्या भवननं रामायण सांस्कृतिक केंद्र उभारलं आहे. ५ जुलै २०२३ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. रामायणातले प्रसंग आणि स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास तिथे चित्रांतून मांडला आहे. विदर्भातल्या शाळांच्या सहलींना हे एक ठिकाण त्यामुळे मिळालं.

पण कोराडीतली आजची वस्ती जमवली ती कोळशानं आणि पाण्यानं. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं १९६० साली. नागपूरच्या उत्तरेला सिल्लेवाडा आणि आसपासच्या कोळशाच्या खाणी, पेंचचं पाणी आणि सपाट जमीन, यामुळे इथे मोठं औष्णिक केंद्र उभारायचं ठरलं. पहिला संच १९७४ साली सुरू झाला. १९७६पर्यंत असे चार झाले. १९७८ मध्ये २०० मेगावॉटचा पाचवा आला, १९८२-८३ मध्ये २१० मेगावॉटचे आणखी दोन. सातही मिळून ११०० मेगावॉट. एवढं यंत्र चालवायला जी माणसं लागली ती महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून आली. पारसहून, भुसावळहून बदलून आलेले ऑपरेटर, कोकणातले फिटर, मराठवाड्यातले कारकून. त्यांच्यासाठी क्वार्टर्स बांधली, आणि जिथे क्वार्टर्स झाली तिथे दोन-चार वर्षांत शाळेची मागणी आली. संच, क्वार्टर, दवाखाना, शाळा, हा महाराष्ट्रातल्या जवळजवळ सगळ्या औद्योगिक वसाहतींचा क्रम आहे.

काळही जुळून आला होता. महाराष्ट्रात शिक्षणाचा दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध तेव्हाच लागू होत होता. नव्या पद्धतीची पहिली दहावीची परीक्षा मार्च १९७५ मध्ये झाली. त्याआधी अकरावीला मॅट्रिक असायचं. म्हणजे कोराडीच्या वसाहतीत लहानाची मोठी झालेली पहिलीच पिढी ‘दहावी’ या शब्दाबरोबर वाढली. आई-बापांची मॅट्रिक अकरावीची, पोरांची दहावी. आणि त्यापुढे ‘ज्युनिअर कॉलेज’ नावाची गोष्ट, जी घरात कुणालाच ठाऊक नव्हती. एका निवृत्त ऑपरेटरकाकांशी चहाच्या टपरीवर गप्पा झाल्या. मुलाला अकरावीला कुठे घालायचं हे विचारायला ते तेव्हा नागपूरला सायकलनं गेले होते. “मले तं कॉलेज म्हनजे बी. ए. वाटे,” ते म्हणाले. “मास्तरनं समजावून सांगतलं, का हे शाळेचंच पुढचं आहे म्हून.”

वसाहतीतल्या शाळेचं एक वैशिष्ट्य असतं आणि ते शहरातल्या शाळेला मिळत नाही. इथे एकाच बाकावर इंजिनिअरचा मुलगा आणि खलाशाची मुलगी बसली. दोघांचे बाप एकाच फाटकातून आत जाणारे, कुणी सकाळच्या पाळीला, कुणी रात्रपाळीला. भाषांचीही सरमिसळ झाली. सांगलीकडचा मुलगा दोन वर्षांत “काऊन बे” म्हणायला लागला आणि इथल्या पोरीच्या तोंडी “कशापायी”च्या जागी “कशासाठी” आलं. शिक्षकही लांबून लांबून आलेले. अशा शाळेत जातीची आणि जिल्ह्याची ओळख पुसली जात नाही, पण तिची धार कमी होते, असं मला तिथल्या माणसांच्या बोलण्यातून जाणवलं. आजूबाजूच्या गावांतली पोरं मात्र याच्या जरा बाहेर राहिली. ज्यांच्या शेतीवर केंद्र उभं राहिलं त्यांच्या हाती प्रकल्पग्रस्ताचा दाखला आला. त्या दाखल्यावर नोकरी मिळायची तर किमान दहावी आणि आयटीआय लागणार होतं. त्यांच्या दृष्टीनं हायस्कूल हा जमिनीचा मोबदला वसूल करण्याचा एकमेव रस्ता होता. शाळेकडे बघण्याची ही नजर वसाहतीतल्या पालकांहून वेगळी आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय इथली शाळा समजणार नाही.

कोराडीतल्या अशा एका शाळेत मी पोचले तेव्हा परिपाठ सुरू व्हायचा होता. पटांगणात रांगा लागत होत्या, दोन मुलं लाऊडस्पीकरची वायर ओढत होती आणि एक बाई उशिरा येणाऱ्यांकडे बघत फाटकाशी उभ्या होत्या. महाराष्ट्रातल्या मराठी शाळेचा परिपाठ हा एक पूर्ण सोहळा आहे. राष्ट्रगीत, २०२३च्या शिवजयंतीपासून राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, मग सुविचार, बातम्या, दिनविशेष, बोधकथा. आठवीतली एक मुलगी बातम्या वाचत होती. पावसाच्या बातमीत तिनं पेंचच्या धरणाचा उल्लेख केला आणि सगळ्या रांगा जरा सावध झाल्या. पेंच भरलं का, हा इथे घराघरातला प्रश्न आहे. त्या तीन मिनिटांत ती मुलगी चारशे-पाचशे जणांसमोर उभं राहायला शिकते. मोठ्या फिया घेणाऱ्या शाळा हेच ‘व्यक्तिमत्त्व विकास’ म्हणून विकतात.

आतलं वेळापत्रक राज्यातल्या कुठल्याही हायस्कुलासारखं. नववी-दहावीला मराठी, हिंदी किंवा हिंदी-संस्कृत संयुक्त, इंग्रजी, गणिताचे दोन भाग, ज्यांना पोरं अजूनही बीजगणित आणि भूमिती म्हणतात, विज्ञानाचे दोन, इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल. ८० गुणांची लेखी परीक्षा, २० अंतर्गत मूल्यमापनाचे. पास व्हायला ३५. सहाशेपैकी उत्तम पाच विषयांचे पाचशे धरून टक्के काढतात. पुस्तकं बालभारतीची. ही संस्था १९६७ साली पुण्यात स्थापन झाली आणि तेव्हापासून गडचिरोलीच्या आणि गिरगावच्या मुलांच्या हातात एकच पुस्तक येतं. शिष्यवृत्ती परीक्षा, आठवीला एनएमएमएस, जी आर्थिकदृष्ट्या मागे असलेल्या मुलांना बारावीपर्यंत मदत देते. बापाला कारखान्यात कंत्राटी काम आहे अशा घरात एनएमएमएसचा निकाल दहावीच्या निकालाइतकाच मोठा असतो.

आणि सेमी इंग्रजी. हा शब्द आल्याशिवाय आज मराठी हायस्कुलाचं बोलणं होत नाही. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. पुढे डिप्लोमा-इंजिनिअरिंगला जाताना मुलांना अडू नये म्हणून ही सोय झाली आणि तिच्यामुळे पुष्कळ मराठी शाळांचा पट टिकला. मला ही तडजोड मनापासून मान्य आहे, एका अटीवर: शिक्षकानं संकल्पना आधी मराठीत समजावली पाहिजे. विज्ञानाच्या एका तासाला मागच्या बाकावर बसायला मिळालं. मास्तर उष्णतेचा धडा शिकवत होते. शब्द इंग्रजीत, वाक्य मराठीत आणि उदाहरण खिडकीबाहेरचं. पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइनची पाती फिरवते, टर्बाइन जनित्र फिरवतं, आणि तेच पाणी थंड होऊन पुन्हा बॉयलरकडे जातं. कूलिंग टॉवरमधून निघणारा पांढरा लोट आणि चिमणीतून निघणारा धूर यांत फरक काय, असं त्यांनी विचारलं. अर्धा वर्ग म्हणाला, दोन्ही धूरच. कोपऱ्यातला एक पोट्टा उठला: “नाही सर, टॉवरमधून वाफ निघते. माझे बाबा तिकडेच आहेत.” त्या एका वाक्यावर मास्तरांनी पुढची वीस मिनिटं उभी केली. असं शिकवणं मी फार थोड्या वर्गांत पाहिलं आहे.

कोराडीच्या शाळांना अभ्यासासाठी प्रयोगशाळेपेक्षा मोठी गोष्ट लाभली आहे, आणि ती पुस्तकात नाही. २०१५ ते २०१७ या काळात इथे प्रत्येकी ६६० मेगावॉटचे तीन नवे संच सुरू झाले, अतिउच्च दाबाच्या वाफेवर चालणारे. त्यांच्यासाठी पाणी आणायचं कुठून हा प्रश्न आला तेव्हा नागपूर महापालिकेच्या भांडेवाडी प्रकल्पातलं सांडपाणी शुद्ध करून वापरायचं ठरलं. रोज १३० दशलक्ष लिटरची ती योजना देशातल्या सांडपाणी पुनर्वापराचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण आहे. म्हणजे नागपूरच्या न्हाणीघरातलं पाणी कोराडीच्या टॉवरमध्ये थंडावा देऊन जातं. सातवी-आठवीच्या मुलाला जलचक्र शिकवायला याहून चांगला धडा कुठला?

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे आणि ती मुलांना ठाऊक आहे. कोळसा जळला की राख उरते, आणि ती ठेवायला तळी लागतात. जुलै २०२२ मध्ये जवळच्या खसाळ्यातल्या राखेच्या तळ्याचा बंधारा फुटला, राखमिश्रित पाणी शेतांत आणि ओढ्यांत शिरलं. मे २०२३ मध्ये आणखी दोन ६६० मेगावॉट संचांसाठी इथे जनसुनावणी झाली आणि प्रदूषणाच्या मुद्द्यावर नागपुरातून मोठा विरोध झाला. एका घरात बाप केंद्रात कामाला आणि आजीच्या अंगणातल्या तुळशीवर राखेचा थर, अशी परिस्थिती असते. विज्ञान प्रदर्शनात राखेच्या विटांचा नमुना दरवर्षी कुणीतरी करतंच. राखेचा उपयोग सिमेंटमध्ये आणि विटांमध्ये होतो, हे बरोबरच आहे. पण मला वाटतं, राखेचं तळं फुटलं तेव्हा काय झालं, का झालं, कोणाच्या विहिरीवर काय परिणाम झाला, हाही दहावीच्या मुलांचा प्रकल्प व्हायला हवा. ती मुलं तिथेच राहतात. त्यांच्या वह्यांत ही नोंद असणं शासनाच्या अहवालाइतकंच गरजेचं आहे.

मधल्या सुट्टीत पटांगण भरलं. आठवीपर्यंत पोषण आहार आहे. खिचडीचा वास आला आणि रांगा लागल्या. मोठी पोरं फाटकाबाहेरच्या गाडीकडे. तर्री-पोहे इथलं सगळ्या वयांचं खाणं आहे: पोह्यावर चण्याची लालभडक तर्री, वरून कांदा आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. खेळांत कबड्डी आणि खो-खो सगळीकडे आहेतच, व्हॉलीबॉल वसाहतीमुळे रुजला. शाळेच्या वर्षाला इथे सणांची स्वतःची बांधणी आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा: लाकडी बैल सजवून मुलं घरोघर नेतात आणि त्यांना बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मिळतो. ही प्रथा नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनची मानतात. राज्यात इतरत्र ती क्वचितच आढळते, म्हणून बदलून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांना पहिल्या वर्षी बैल कुठून आणायचा हाच प्रश्न पडायचा. मग शेजारचे काका सुताराकडून एक बैल करून आणायचे. नवरात्रात जत्रेच्या गर्दीमुळे रस्ते बंद होतात, शाळेच्या वेळा बदलतात आणि सहामाही परीक्षेचं वेळापत्रक देवीच्या हिशेबानं आखावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलन, २६ जानेवारीला प्रभातफेरी, आणि फेब्रुवारीत दहावीचा निरोप समारंभ, ज्यात पोरी रडतात आणि पोरं न रडल्याचं सोंग करतात.

दहावीनंतरच्या वाटाही इथे ठरलेल्या वाटतात. वीज केंद्र चालवणाऱ्या महानिर्मिती कंपनीचं प्रशिक्षण केंद्र कोराडीतच आहे. आयटीआय करून शिकाऊ उमेदवार म्हणून केंद्रात लागावं, ही कित्येक घरांची पहिली इच्छा. पण जुने बहुतेक संच बंद झाले, नव्या संचांचं बरंचसं काम संगणकाच्या पडद्यावरून चालतं आणि बाकीचं पुष्कळसं कंत्राटावर गेलं. वसाहतीतली क्वार्टर्स जिथे रिकामी झाली तिथे शाळेचा पटही ओसरला. दुसरीकडे कोराडी रस्त्यावर खाजगी इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बसगाड्या वाढल्या. पट घटला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, शिक्षकाचं पद जातं, पद गेलं की विषय शिकवायला माणूस राहत नाही, आणि मग पालक म्हणतात, तिथे शिक्षकच नाहीत. हे चक्र महाराष्ट्रातल्या शेकडो अनुदानित मराठी शाळांत फिरतं आहे. मला त्याची चीड येते, कारण ज्या माणसांनी या पट्ट्यात शाळा मिळवली, त्यांनी ती किती कष्टानं मिळवली हे पुढच्या वाटेवर समोर आलं.

कोराडीहून खसाळ्याच्या बाजूनं कामठीला गेले. कामठी ही ब्रिटिशांची छावणी, १८२१ सालची, कन्हान नदीच्या काठावर. आजही तिथे लष्कर आहे. गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र इथलंच. आणि एनसीसीच्या अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण देणारी अकादमीही कामठीत आहे. देशभरातल्या हायस्कुलांत आणि कॉलेजांत एनसीसी चालवणारे जे शिक्षक असतात त्यांतले कित्येक इथून शिकून जातात. शाळेच्या पटांगणावर ‘विश्राम’, ‘सावधान’ ऐकलं की त्यामागे कामठी असण्याची शक्यता बरीच. विणकरांची, विडी कामगारांची, उर्दू आणि मराठी आणि हिंदी बोलणारी ही वस्ती फुटबॉलवेडी आहे. एम. एम. रब्बानी हायस्कूल हे इथलं उर्दू माध्यमाचं मोठं नाव, आणि रब्बानी क्लब नागपूरच्या फुटबॉलमधलं. पावसाळ्यात चिखलानं माखलेली पोरं दप्तर गोलपोस्ट म्हणून ठेवून खेळताना दिसतात.

छावणी आणि मिशन, या भागातल्या इंग्रजी शाळेची सुरुवात इथूनच आहे. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपूरला आला आणि पुढच्याच वर्षी त्यानं शाळा काढली. तेव्हा नागपुरात भोसल्यांचं राज्य होतं. हा माणूस खडक आणि जीवाश्म गोळा करणारा भूवैज्ञानिकही होता. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळं बघून परतताना तो ओढ्यात बुडून गेला. १८८३ साली त्याच्या नावानं कॉलेज निघालं. हिस्लॉपची शाळा सर्वांसाठी खुली, असं कागदावर होतं. प्रत्यक्षात अस्पृश्य मानलेल्या मुलांनी कुठे बसायचं आणि त्यांना कोण शिकवणार हा प्रश्न पुढची पाऊणशे वर्षं सुटला नाही.

कामठीत या प्रश्नाला भिडलेला एक माणूस जन्मला. हरदास लक्ष्मणराव नगराळे, म्हणजे बाबू हरदास एल. एन. जन्म १९०४. वडील रेल्वेत कारकून. नागपूरच्या पटवर्धन हायस्कुलातून हरदास मॅट्रिक झाले. तेव्हाच्या दलित वस्तीत मॅट्रिक हा मोठाच पल्ला होता. कोवळ्या वयात त्यांनी ‘महारठ्ठा’ नावाचं साप्ताहिक काढलं, विडी कामगारांची संघटना बांधली, आणि कामठीत रात्रशाळा सुरू केल्या. त्या शाळांत ८६ मुलगे आणि २२ मुली शिकत होत्या. त्या २२चा विचार करा. दिवसभर विड्या वळणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, लहान भावंडं सांभाळणाऱ्या मुली, आणि रात्री कंदिलाच्या उजेडात पाटी. संत चोखामेळ्याच्या नावानं त्यांनी वाचनालयही काढलं, कारण अक्षर ओळखल्यावर वाचायला काही हाताशी नसलं तर ते विसरलं जातं. १९३७च्या निवडणुकीत ते नागपूर-कामठीतून प्रांतिक विधिमंडळावर निवडून आले आणि १९३९च्या जानेवारीत, पस्तीस वर्षांचे असताना, क्षयानं गेले. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करणारे म्हणून आज देश त्यांना ओळखतो. कन्हानच्या काठावर त्यांची समाधी आहे. मला ते रात्रशाळेचे हेडमास्तर म्हणूनही तितकेच मोठे वाटतात.

कामठीहून नागपूरला परतताना मी मुद्दाम रेल्वेच्या कडेनं जाणारा रस्ता धरला. याच वाटेवर जाईबाई चौधरी हमाली करत. जन्म १८९२, उमरेडचा. दुष्काळात कुटुंब नागपूरला आलं. चौथीपर्यंत शिक्षण झालं, नवव्या वर्षी लग्न झालं, आणि घर चालवायला त्या नागपूर आणि कामठीच्या दरम्यान प्रवाशांचं सामान डोक्यावर वाहून नेत. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंनी त्यांना वाचता येतं हे पाहिलं आणि मिशनच्या शाळेत महिना चार रुपयांवर शिक्षिका नेमलं. शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे कळल्यावर सवर्ण पालकांनी मुलं काढून घेतली. नोकरी सोडावी लागली. पुन्हा डोक्यावर ओझं. १९२२ साली जाईबाईंनी स्वतःची शाळा काढली, नागपूरच्या नव्या वस्तीत, मुलींसाठी: संत चोखामेळा कन्या पाठशाळा. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकात ही हकीकत आली नसती तर ती आपल्याला कळलीही नसती. आज उत्तर नागपुरात जाईबाई चौधरी ज्ञानपीठ या नावानं शाळा आहे.

आता कोराडीच्या त्या परिपाठाकडे पुन्हा बघा. बातम्या वाचणाऱ्या मुलीला बारावीपर्यंत फी नाही, खेड्यातून येत असेल तर अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेत एसटीचा पास फुकट आहे, पुस्तकं आठवीपर्यंत शाळेतूनच मिळतात. दहावीच्या निकालात मुलींचं प्रमाण वर्षानुवर्षं मुलांच्या पुढे आहे. यातलं एकही शासनाच्या मनात आपोआप उगवलं नाही. १९५९ साली कमी उत्पन्नाच्या घरांना ईबीसीची फी-सवलत आली, १९६२ पासून जिल्हा परिषदांकडे खेड्यांतल्या शाळा आल्या, २०१० मध्ये शिक्षणहक्काचा कायदा अमलात आला, आणि या प्रत्येकाच्या आधी कामठीच्या रात्रशाळेसारखं कुणीतरी कुठेतरी दिवा लावून बसलं होतं. म्हणूनच पट घटला म्हणून एखादी तुकडी बंद होते तेव्हा ती केवळ प्रशासनाची बाब राहत नाही. घराजवळचं, फुकट, आपल्या भाषेतलं हायस्कूल बंद झालं की पहिली घरी बसते ती मुलगी, आणि तीही कंत्राटी कामगाराची.

ज्यांना ही वाट स्वतः बघायची आहे त्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये यावं. ऊन उतरलेलं असतं, शाळा भरात असतात, आणि पोळ्याच्या सुमारास आलात तर तान्हा पोळाही बघायला मिळेल. नागपूरहून कोराडीला शहर बस आणि ऑटो सहज मिळतात. शाळेत जायचं तर मुख्याध्यापकांची परवानगी आधी घ्यावी आणि परिपाठाच्या वेळेला पोचावं. दुपारी कामठी गाठली तर हरदासांची समाधी आणि ड्रॅगन पॅलेस मंदिर दोन्ही होतात. परतीच्या वाटेवर उत्तर नागपुरात जाईबाईंच्या नावाच्या शाळेत ती सुटायच्या आत पोचावं. आणि पिशवीत जागा असेल तर वाचनालयासाठी पुस्तकं आणावीत. मराठी गोष्टींची पुस्तकं इथे दोन आठवड्यांत वाचून संपतात, असं मला एका ग्रंथपाल बाईंनी सांगितलं, आणि यादीही दिली: विज्ञानकथा, भूगोल, चरित्रं, आणि कबड्डीच्या नियमांचं एक.